पुरुषांमधील स्तनकर्करोग : उपचार आणि नंतरची देखरेख

स्तनाचा कर्करोग हा केवळ स्त्रियांचा आजार, हा समज आपल्या समाजात इतका दृढ आहे की तो पुरुषालाही होतो हे ऐकून सुशिक्षित माणसेही बुचकळ्यात पडतात. वस्तुतः पुरुषाच्या स्तनाग्रामागेही थोड्या स्तन-ऊती असतात आणि त्यांत कर्करोग उद्भवू शकतो. या रोगाच्या दर १०० रुग्णांत साधारणतः १ पुरुष असतो. प्रमाण अल्प म्हणून रोग्याचे संकट अल्प होत नाही. उलट रोग विरळा असल्यामुळेच तो उशिरा ओळखला जातो.

बहुतेक रुग्ण साठीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे असतात. स्तनाग्राखाली न दुखणारी कठीण गाठ हे पहिले लक्षण. स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, कातडीवर व्रण पडणे, काखेत गाठ येणे ही पुढची. गाठ हाताला लागत नाही असे नाही. पण ती दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते आणि पुढे ‘बायकांचा आजार’ म्हणून हसे होईल या संकोचाने ती सदऱ्याखाली झाकली जाते. पुरुषाच्या स्तनात ऊती थोड्याच असल्याने रोग कातडीपर्यंत लवकर पोहोचतो. अर्थात प्रत्येक वाढ कर्करोगाचीच नसते. यकृताच्या विकाराने वा काही औषधांनीही पुरुषाचे स्तन वाढतात. परंतु हा निवाडा अंदाजाने नव्हे, तर सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीनेच झाला पाहिजे.

उपचारात शस्त्रक्रियेला पहिले स्थान आहे. बहुतेक पुरुषांत संपूर्ण स्तन काढावा लागतो. पूर्वी काखेतील ग्रंथीही सरसकट काढीत. आता तेथे रोगाचे चिन्ह नसल्यास आधी मोजक्याच ग्रंथी काढून तपासतात आणि मग पुढचे ठरवतात. त्यामुळे हात सुजण्याचा त्रास कमी झाला आहे. रोगाच्या व्याप्तीनुसार किरणोपचार व रसायनोपचार जोडले जातात.

खरी कसोटी लागते ती यानंतर. पुरुषांतील सुमारे ९० टक्के गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात. म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, किमान ५ वर्षे आणि काहींना १० वर्षांपर्यंत दिली जाते. ही गोळी रोग उलटण्याचा धोका कमी करते. पण अंगातून गरम वाफा येणे, वजन वाढणे, मन खिन्न होणे, कामेच्छा कमी होणे असे त्रासही देते. शेवटचा त्रास रुग्ण पत्नीजवळही बोलत नाही, डॉक्टरांजवळ तर नाहीच. ‘आता बरे वाटते’ असे सांगून तो गोळी बंद करतो. त्रास डॉक्टरांना सांगितल्यास त्यावर उपाय सुचवता येतो. गोळी परस्पर सोडणे धोक्याचे. पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर रक्ताची गुठळी झाल्याचा संशय घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताकदीसाठी म्हणून विकली जाणारी पुरुषी संप्रेरकांची औषधे अशा रुग्णाने वर्ज्य मानावीत.

तपासणी पहिली ३ वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढील २ वर्षे दर ६ ते १२ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा, असा सर्वसाधारण क्रम आहे. तीत शस्त्रक्रियेची जागा, दुसरा स्तन आणि दोन्ही काखा पाहिल्या जातात. ज्या बाजूच्या ग्रंथी काढल्या त्या हाताला विळ्याची इजा वा काटाही क्षुल्लक मानू नये. हात सुजला, लाल झाला, तर दवाखान्यात दाखवावे. सांगितलेले व्यायाम मात्र चुकवू नयेत. हात बांधून बसणे हा उपाय नव्हे.

आणखी एक बाब कुटुंबाची. या रोगाच्या प्रत्येक पुरुष रुग्णाला आनुवंशिक सल्ला व तपासणी सुचवली जाते, कारण काहींमध्ये बीआरसीए-२ या जनुकातील दोष आढळतो. तो प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलीत त्याने स्तनाच्या व बीजकोशाच्या, मुलात पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आजार बापाचा म्हणून लेकींना त्याची वार्ताही नसते, हे अनेक घरांतले चित्र बदलायला हवे.

स्तनाच्या कर्करोगासाठी शासनाच्या तपासणी मोहिमा स्त्रियांसाठी असतात. रोग इतका विरळा असताना सर्व पुरुषांची सरसकट तपासणी करणे व्यवहार्यही नाही. त्यामुळे गाठ दिसताच माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवण्याचे काम गावातल्या जाणत्यांवर, विशेषतः शिक्षक व पंचायत सदस्यांवर येते. पुढील उपचारांसाठी मुंबईत १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते; तीसाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते पहिल्याच भेटीत मागून घेतल्यास नंतरच्या तपासण्यांचा खर्च हलका होतो.