भुकेल्यांसाठी चित्रकथा

१९८५ साल. इथिओपियात दुष्काळाने माणसं मरत होती. अमेरिकेतले चित्रकथाकार जिम स्टार्लिन आणि बर्नी राइटसन पुढे सरसावले. त्यांच्या कल्पनेतून मार्व्हल या प्रकाशनाने ‘हीरोज फॉर होप’ हा एक्स-मेन या महानायकांच्या चमूचा विशेष अंक काढला. मोजकी पानं एका लेखक-चित्रकार जोडीने करायची, की कथा पुढच्यांच्या हाती! भयकथाकार स्टीफन किंग यांच्या पानांत एक्स-मेनमधल्या कोवळ्या किटी प्राइडसमोर अन्न येतं आणि बघता बघता नासतं. राइटसन यांनी रेखाटलेली ती भूक अंगावर येते. इतक्या हातांमुळे कथा थोडी विस्कळीत झाली खरी, पण हेतूपुढे ती उणीव किरकोळच. मिळकत दुष्काळग्रस्तांसाठी दिली गेली. पुढच्याच वर्षी डीसी या प्रकाशनानेही सुपरमॅन आणि बॅटमॅनला घेऊन असाच अंक काढला.