गाडीची गाळणी
(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले, तेव्हा विषय काय घ्यावा हा प्रश्नच होता. पाककृती सांगाव्यात तर इथे माझ्याहून सुगरणी पुष्कळ आहेत. शेवटी चिटणीसबाईच म्हणाल्या, "तुमच्या त्या गाडीच्या गाळणीचे सांगा. जिन्यात भेटलात की तेच तर सांगत असता!" म्हणून आज तेच सांगते. यंत्रशास्त्र मी शिकलेली नाही, पण घर चालवणाऱ्या बाईला गाळणे आणि चाळणे कुणी शिकवावे लागत नाही.

आमची लहान गाडी २०१७ साली घेतलेली. त्यातल्या त्यात स्वस्त मॉडेल घेतले. काय कमी आहे ते विक्रेत्याने भराभर सांगितले: मागच्या काचांची बटणे नाहीत, अमुक नाही, तमुक नाही. गाडीच्या आत येणारी हवा गाळण्याची सोय नाही, हे मात्र त्याने सांगितले नाही, आणि विचारायचे आम्हाला सुचले नाही. इंजिनाला जाणाऱ्या हवेला फिल्टर असतो. तो प्रत्येक गाडीत असतोच. म्हणजे पाहा, इंजिनाच्या फुप्फुसांची काळजी घेतलेली आणि आत बसलेल्या माणसांची नाही!

माझ्या नातवाला बालदमा आहे. शाळेत सोडण्या-आणण्याचे काम माझ्याकडे. रस्त्याला पुलाचे काम सुरू होते, धूळ म्हणजे नुसती पिठाची गिरणी. काचा लावून, पंखा चालू करून आम्ही जात असू, आणि तरीही घरी येईपर्यंत त्याची छाती वाजू लागे. काचा बंद असताना धूळ येते कुठून, हे कोडे मला उलगडेना. एके दिवशी डॅशबोर्ड पुसून निघाले आणि परत येऊन पाहिले, तर पंख्याच्या जाळीसमोरच मातीचा पट्टा! तेव्हा लक्षात आले की आपणच पंखा लावून बाहेरची धूळ मुलाच्या तोंडावर सोडतो आहोत.

सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले. काउंटरवरच्या मुलाने संगणकात पाहिले आणि सांगितले, "मॅडम, तुमच्या मॉडेलला केबिन फिल्टर येत नाही." विषय संपला.

मग मी केला तो घरगुती उपाय, आणि तो कुणी करू नये म्हणूनच सविस्तर सांगते. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, एक जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत जाते. त्या जाळीच्या आतून मी मलमलीचे दुहेरी फडके नीट ताणून बसवले. दोन महिने मी स्वतःवर खूश होते. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही वाईला बहिणीकडे निघालो. मी, यजमान आणि मागे नातू. खंबाटकीचा घाट चढत असता पावसाची मोठी सर आली. फडके चिंब भिजले. ओल्या फडक्यातून हवा जाईना, जी काही गेली ती दमट. बघता बघता पुढची काच आतून दुधासारखी पांढरी झाली. पंखा पूर्ण सोडला तरी फुंकर घातल्याइतकीच हवा. पुढे मालमोटार, मागे मालमोटार. यजमान हातरुमालाने काच पुसताहेत, मी बाजूची काच खाली करून पावसात डोके बाहेर काढून चालवते आहे, आणि नातू विचारतो आहे, "आजी, आपल्याला दिसतंय ना?" कशीबशी एक रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली. माझे पाय थरथरत होते. फडके उपसून काढले आणि तिथेच पिळले, तर त्यातून चहाच्या रंगाचे पाणी निघाले. यजमान काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

सुरूर फाट्यावरून वाईला वळेपर्यंत गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही. परतल्यावर मी आमच्या गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रींकडे गेले. ते म्हणाले, "काकू, फडके कशाला? जागा तर आतच आहे." त्यांनी डाव्या बाजूचा कागदपत्रांचा कप्पा रिकामा केला, दोन्ही कडा आत दाबून तो खाली सोडला आणि विजेरी लावली. आत काळ्या प्लॅस्टिकची एक पेटी. तिच्या एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाला एसीचे थंड होणारे जाळे, आणि दोहोंच्या मध्ये पेटीवर एक आयताकृती चौकट उमटलेली. दार आहे, पण लिंपून टाकलेले! महाग मॉडेलला आणि स्वस्त मॉडेलला पेटी एकच. महागात तिथे फिल्टर सरकवतात, स्वस्तात झाकण बंदच ठेवतात. स्वयंपाकघरात गाळणी अडकवायला खिळा ठोकून द्यावा आणि गाळणी देऊ नये, तसे. सगळ्याच गाड्यांत अशी चौकट असते असे मात्र नाही. आपल्या गाडीत ती आहे की नाही, हे कापण्याआधी पाहावे. आणि गाडी नवी, हमीच्या मुदतीतली असेल तर आधी विचारून घ्यावे.

मिस्त्रींनी किल्ली काढून ठेवली, करवतीच्या पात्याच्या तुकड्याने चौकटीच्या बारीक रेषेवरून हलक्या हाताने कापले, आणि मी शेजारी घरातला व्हॅक्यूम क्लीनर धरून बसले. प्लॅस्टिकचा एकही कपटा आत राहता कामा नये, नाहीतर तो पंख्यात खडखडतो किंवा जाळ्यात अडकतो. झाकण निघाल्यावर आत पाहिले. फिल्टर बसावा म्हणून पन्हळी आधीच केलेल्या होत्या. त्यापलीकडे थंड जाळ्यावर सहा वर्षांची धूळ, आणि एसीच्या ओलीने तिचा झालेला चिखल. गाडीत कुबट वास का येई, ते कळले. मिस्त्रींनी जाळे आधी स्वच्छ केले, मग महाग मॉडेलचा फिल्टर सरकवला. त्याच्या कडेवर बाण असतो. हवा जिकडे जाते तिकडे बाण. आमच्या गाडीत पंख्याकडून जाळ्याकडे. वरून त्याच मॉडेलचे सुटे झाकण बसवले. तासाभराचे काम, आणि खर्च एका बऱ्या साडीच्या फॉलबिडिंगपेक्षा फार जास्त नाही.

ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत नॅश नावाच्या गाडीत १९३८ सालीच बाहेरची हवा गाळून, गरम करून आत घेण्याची योजना होती. आणि १९८९ च्या सुमारास जर्मनीत हे फिल्टर मोटारींत नियमाने बसू लागले.

फिल्टरची करामत ऐकण्यासारखी आहे. आपल्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन. छातीत खोलवर उतरणारे धुळीचे कण अडीच मायक्रॉन आणि त्याहून लहान. एवढी बारीक चाळण केली तर हवाच जाणार नाही. म्हणून त्या कापडाच्या तंतूंवर विजेचा भार ठेवलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसे ते तंतू बारीक कण ओढून धरतात. हे मला आधी ठाऊक असते तर मी पहिला फिल्टर साबणाच्या पाण्यात बुचकळून, उन्हात वाळवून पुन्हा घातला नसता! धुतला की तो भार जातो, कागदाच्या घड्या ढिल्या होतात, आणि राहतो तो नुसता पुठ्ठा. धुवायची आपली सवय इथे कामाची नाही. वर्षातून एकदा बदलावा. रस्ता धुळीचा असेल तर आधीच.

दुसऱ्या वेळी मी कोळशाचा थर असलेला फिल्टर घेतला. असा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा करतात, हे ऐकून माझ्या कोकणातल्या जावेला मोठा अभिमान वाटला. त्याने धुराचा वास बराच कमी होतो. पण भलता भरवसा ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू कुठल्याच केबिन फिल्टरने अडत नाही; बंद जागेत इंजिन चालू ठेवून बसणे पूर्वीइतकेच घातक आहे. आणि बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवत ठेवली, तर चार माणसांच्या श्वासाने हवा जड होते, चालवणाऱ्याला पेंग येते. मी धुळीचा पट्टा संपला की बाहेरची हवा उघडते.

नातवाचे म्हणाल, तर डॉक्टरांनी त्याचा पंप बंद केलेला नाही. तो विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "आजी, फिल्टर हे औषध नव्हे, पण धूळ कमी झाली हे चांगलेच." त्याची छाती अजून कधी कधी वाजते, विशेषतः थंडीत. पण शाळेतून घरी येईपर्यंतच्या पाऊण तासात वाजत नाही. मी रोज कान देऊन ऐकते.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी पुन्हा गेले होते, त्या मुलाला ते झाकण दाखवायला. त्याने फोटो काढून घेतला. मी म्हटले, "बाबा, निदान पुढच्या गिऱ्हाइकाला जागा आहे एवढे तरी सांग."

गेल्या महिन्यात काढलेला जुना फिल्टर मी पिशवीत आणला आहे. पांढरा होता, आता काजळासारखा आहे. घड्यांत पिंपळाचे एक पान आणि पतंगाचा पंखही आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी चहानंतर बाहेर ओट्यावर यावे. इथे मी तो उघडणार नाही, कारण चकल्यांची ताटे झाकलेली नाहीत.