शाळेची परसबाग : पैसा आणि पाणी

शाळेच्या आवारात मुलांनी भाजीपाला पिकवावा, या उपक्रमाला अमेरिकेत बागप्रेमींची मंडळे रोपविक्रीतून जमवलेल्या पैशाचा आधार देतात. महाराष्ट्रात मात्र हा भार मुख्यतः शालेय पोषण आहार योजनेवर आहे. परसबाग, म्हणजे मुळात घरामागच्या अंगणातली बाग, शाळेत आणण्यासाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि याच योजनेत नव्या उपक्रमांसाठी राखलेल्या निधीतून प्रत्येक बागेस ५००० रुपयांची तरतूद केली.

एवढ्यात बियाणे, खत, खुरपी येतात; कुंपण आणि पाणी उरतेच. तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या ढोकीसारख्या गावी तर पाणी हाच खरा प्रश्न आहे, कारण धाराशिव जिल्हा अवर्षणप्रवण, म्हणजे पाऊस वारंवार ओढ देणारा, असून येथील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. अशा ठिकाणी जेवणानंतर मुलांनी हात धुतलेले पाणी चरातून शेवग्याच्या आळ्यात सोडावे आणि आळ्यावर उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे, म्हणजे ओल टिकते. शेवगा थोड्या पाण्यावर तगतो आणि त्याच्या कोवळ्या पाल्यातून मुलांना कॅल्शियम व लोह मिळते. मेथी, पालक, कोथिंबीर ही हिवाळ्याची पिके असल्याने त्यांची फारशी चिंता नसते. खरी कसोटी उन्हाळ्याच्या सुट्टीची, जेव्हा शाळेला कुलूप असते आणि शेळ्यांना आडकाठी नसते. गावातील बागप्रेमींच्या वर्गणीची सर्वांत निकडीची गरज या सुट्टीतल्या कुंपणाला आणि पाणी घालणाऱ्या हातांना आहे.