सेनापती बापट आणि मुळशीचे येणे : अध्यक्षीय भाषण

पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मुळशीच्या लढ्याने दिली. महाराष्ट्राने पदवी जपली, मुळशी मात्र विस्मरणात टाकली. पुण्यामुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. असे रस्ते झाडणाऱ्यांसाठी बापटांनी संप लढवला होता, हे जयंतीच्या व्याख्यानांत क्वचितच ऐकू येते.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेरला झाला. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले. तिथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध केलेल्या भाषणापायी शिष्यवृत्ती गेली आणि पॅरिसमध्ये बाँबची विद्या हाती आली. चरित्रकार या बाँबपाशी हमखास रेंगाळतात. संघटक बापट मात्र त्यानंतरचे आहेत. मायदेशी परतल्यावर पारनेरात त्यांनी हाती झाडू घेतला. 1914 मध्ये मुलगा झाला, तेव्हा पहिले जेवण अस्पृश्यांना घातले. याला कोणी भाबडी समाजसेवा म्हणत असेल, तर त्याने पुढचे पाऊल पाहावे. 1920 मध्ये मुंबईत त्यांनी झाडूकामगार मित्रमंडळ उभे केले आणि सफाई कामगारांचा संप घडवला. सेवा करणाऱ्याला हार मिळतात, संप करणाऱ्याला नोटीस मिळते. बापटांनी दुसरी वाट धरली.

त्याच वाटेने ते मुळशीत आले. निळा-मुळा संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीचे धरण होऊ घातले होते. पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला सोडायचे, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी योजना होती. आंबेमोहोर पिकवणाऱ्या मावळातल्या पन्नासच्या आसपास गावांवर पाणी फिरणार होते. 1894 चा भूसंपादन कायदा सरकारच्या हाताशी होताच. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. काम थांबले, पण काही महिन्यांपुरतेच. ते पुन्हा सुरू झाले तशी धरपकडही सुरू झाली. बापट, लढ्यातले त्यांचे सहकारी विनायकराव भुस्कुटे आणि इतर साथी वारंवार तुरुंगात गेले. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत.

हा सत्याग्रह सरकारने मोडला, असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासाने दुसरी बाजू उघडी केली. मुळशीतली बरीच जमीन सावकारांकडे गेलेली होती आणि त्यांतले अनेक पुण्यात राहत होते. त्यांना भातखाचर वाचवण्यापेक्षा मोबदल्याचा आकडा वाढवण्यात रस होता. जमीन कसणाऱ्या कुळाच्या हाती मात्र मोबदल्याने काहीच पडणार नव्हते. पुण्याचे पुढारीपण या दोघांना एकाच मांडवाखाली बसवू पाहत होते. झाडूवाल्यांच्या संपात मालक समोर उभा होता, मुळशीत तो व्यासपीठामागेही बसला होता. बापटांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण कुळांची स्वतंत्र संघटना बांधल्याविना सावकाराला बाजूला सारणे शक्य नव्हते, आणि ती बांधली गेली नाही, ही उणीव त्यांच्या नेतृत्वाच्या खात्यावर मांडावीच लागते.

गावकरी एकेक करून मोबदला घेऊ लागले, तसा लढा मूठभर कार्यकर्त्यांपुरता उरला. बापटांची अहिंसा काटेकोर गांधीवादी कधीच नव्हती. 1924 मध्ये त्यांनी प्रकल्पाच्या रेल्वेवर सशस्त्र हल्ला केला आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. या हल्ल्याला माथेफिरूपणा ठरवणारे, गावे पाण्याखाली घालण्याला विकास म्हणतात.

1931 मध्ये सुटल्यावर त्यांना लवकरच पुन्हा तुरुंगात जावे लागले. पुढे ते सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे महाराष्ट्रातले प्रमुख झाले. 15 ऑगस्ट 1947 रोजी पुण्यात तिरंगा त्यांच्याच हस्ते फडकला. सत्तेच्या खुर्चीजवळ ते गेले नाहीत. गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत मात्र म्हातारपणीही उतरले. 28 नोव्हेंबर 1967 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मुळशीचे धरण टाटांच्याच ताब्यात होते. आजही आहे.