राजयक्ष्मा : प्राचीन वैद्याची दृष्टी आणि आजचे कर्तव्य



१८ नोव्हेंबर १७७२ या दिवशी थेऊरच्या श्रीचिंतामणीच्या सान्निध्यात थोरले माधवराव पेशवे निवर्तले. वय अवघे सत्तावीस वर्षांचे. पानिपतानंतर १७६१ मध्ये सोळा वर्षांच्या या तरुणाने पेशवाईची वस्त्रे स्वीकारली आणि अकरा वर्षांत कोसळलेला डोलारा पुन्हा उभा केला. निजाम आणि हैदर यांना रणांगणात पुरून उरलेला हा पुरुष राजयक्ष्म्यापुढे हरला. राज्याच्या धन्याला वैद्यांची वाण नव्हती आणि औषधांचीही नव्हती. तरीही हे घडले. मराठी मनाला ही सल अडीचशे वर्षे टोचत आली आहे.

या मृत्यूकडे पाहताना दोन प्रश्न उभे राहतात. आपल्या प्राचीन वैद्यांना या रोगाचे काय कळले होते? आणि काय कळले नव्हते? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देणारा व्यर्थ गर्वाच्या आहारी जातो, दुसऱ्याचेच देणारा न्यूनगंडाच्या. परंपरेचा खरा वारस दोन्ही उत्तरे देतो.

प्रथम नावाचा विचार करू. चरकसंहितेत या रोगाच्या उत्पत्तीची कथा येते. राजा सोम, म्हणजे चंद्र, दक्षाच्या अनेक कन्यांचा पती असूनही एकट्या रोहिणीतच रमला. दक्षाच्या कोपाने त्याला यक्ष्मा जडला, तो दिवसेंदिवस क्षीण झाला. अखेर अश्विनीकुमारांनी त्याला बरे केले. राजाला झालेला म्हणून राजयक्ष्मा, अथवा रोगांचा राजा म्हणून राजयक्ष्मा. शरीरातील रस शोषून घेणारा म्हणून शोष, आणि धातूंचा ऱ्हास करणारा म्हणून क्षय. कथेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी वद्य पक्षातील चंद्राची उपमा पाहा. माणूस एकाएकी कोसळत नाही, कलेकलेने उणा होत जातो. ज्याने ही उपमा योजली, त्याने असे रुग्ण महिनोन्महिने जवळून पाहिले असले पाहिजेत.

त्या काळी वैद्याजवळ साधने कोणती होती? नाडीपरीक्षा आज आयुर्वेदाची खूण मानली जाते. परंतु चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ती आढळत नाही. तिचे सविस्तर वर्णन पुष्कळ नंतर, शार्ङ्गधराच्या ग्रंथात येते. प्राचीन वैद्याची साधने तीन : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. डोळे, हात आणि वाणी. एवढ्या सामग्रीवर त्याने या रोगाचे जे चित्र रेखाटले, ते आजच्या डॉक्टरलाही ओळखू येईल.

रोग प्रकट होण्यापूर्वीची चिन्हे त्याने नोंदवली. वारंवार होणारे पडसे, अकारण दुर्बलता, जेवणखाण चालू असूनही घटणारे बल आणि मांस. अन्नपाण्यात नसलेली माशी किंवा केस दिसल्याचा भास आणि त्यातून अन्नाची शिसारी. रुग्णाला पडणारी स्वप्नेही त्याने विचारून घेतली : कोरडे पडलेले जलाशय, ओस पडलेली गावे. पुढे रोग स्थिरावला की तीन लक्षणांचा गट : खांदे आणि बरगड्यांत वेदना, हातापायांची आग, सर्वांगात ज्वर. सुश्रुतसंहितेत सहा लक्षणे येतात : अन्नद्वेष, ज्वर, श्वास, खोकला, थुंकीतून रक्त आणि बसलेला आवाज. रोग पूर्ण बळावला की अकरा लक्षणांचे रूप. आजचे आरोग्यसेवक घरोघरी जाऊन जे विचारतात, ते आठवा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, घटलेले वजन, थुंकीतून रक्त. दोन्ही प्रश्नावल्यांतील साम्य लपण्यासारखे नाही.

कारणांच्या बाबतीत चरकसंहिता चार गोष्टी सांगते. पहिले साहस, म्हणजे आपल्या शक्तीबाहेरचे कष्ट : अति भार वाहणे, बलवानाशी झुंजणे, दूरवर पोहत जाणे. दुसरे वेगसंधारण, म्हणजे मलमूत्रादी नैसर्गिक वेग लाजेपायी वा भीतीपोटी दाबून धरणे. तिसरे क्षय, म्हणजे शोक, चिंता, उपासमार यांनी होणारी धातूंची हानी. चौथे विषमाशन, म्हणजे अवेळी, अयोग्य आणि अनियमित आहार. या चारही कारणांनी अग्नी मंदावतो, स्रोतसे अवरुद्ध होतात आणि खाल्लेल्या अन्नापासून रक्तमांस होण्याऐवजी बहुतांशी मलच होतो, अशी त्याची उपपत्ती आहे.

यात जंतू नाही. मात्र सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या प्रकरणाच्या शेवटी एक महत्त्वाची नोंद आहे. निकटचा सहवास, अंगाचा स्पर्श, श्वास, एकत्र भोजन, एकच शय्या, दुसऱ्याची वस्त्रे यांमुळे काही रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात, असे तेथे म्हटले आहे. त्या रोगांच्या यादीत कुष्ठ, ज्वर आणि डोळे येणे यांच्यासमवेत शोषही आहे. ही दृष्टी विलक्षण होती. पण प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की खुद्द शोषाच्या प्रकरणात हा धागा पुढे नेला गेला नाही. बीज हाती आले होते, त्याचा वृक्ष झाला नाही.

आता चिकित्सेकडे वळू. अन्य रोगांत वमन-विरेचनादी शोधन हे वैद्याचे प्रमुख शस्त्र. राजयक्ष्म्यात मात्र चरकसंहिता त्याचा हात धरते. या रुग्णाचे बल मलाच्याच आधारावर उरलेले असते, म्हणून मलाचेही रक्षण करा, दुर्बलाला रेच देऊन आणखी खचवू नका, असे ती बजावते. उपचाराचा सारा भर बृंहणावर, म्हणजे शरीर भरून आणण्यावर आहे. दूध, तूप, मांसरस, तेलाचे अभ्यंग, अवगाहन, आणि मनाला प्रसन्न ठेवणारी सोबत. मांसाहाराचे वर्णन वाचून आज काहींच्या भुवया उंचावतील. जे मांस रुग्णाला किळसवाणे वाटेल, ते दुसऱ्या प्राण्याचे नाव सांगून द्यावे, इतक्या बारकाव्याने तो ग्रंथ लिहितो. उत्तरकालीन ग्रंथांनी तर शेळीचे दूध, तूप, मांस आणि शेळ्यांच्या कळपात झोपणेही सांगितले. आज घराघरांत खोकल्यासाठी असलेले सितोपलादी चूर्ण चरकसंहितेच्या याच अध्यायातले. खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन आणि दालचिनी एक, असे त्याचे सोपे गणित.

आणि मग येतो या साऱ्या विवेचनाचा गाभा. रुग्ण वाचेल की नाही, हे वैद्याने कशावरून ठरवावे? चरकसंहितेचे उत्तर असे : सर्व लक्षणे प्रकट झाली असली तरी ज्याचे मांस आणि बल टिकून आहे, त्याची चिकित्सा करावी. लक्षणे थोडी असली, पण ज्याचे मांस आणि बल गेले आहे, त्याची चिकित्सा हाती घेऊ नये. खोकल्याचा जोर, तापाची पातळी, रक्ताचे प्रमाण यांपैकी कशालाही त्याने शेवटचा निकष मानले नाही. निकष एकच : अंगावर मांस किती उरले आहे?

‘चिकित्सा हाती घेऊ नये’ हे शब्द आजच्या कानांना निष्ठुर वाटतात. पण ज्या वैद्यापाशी रोगाचे मूळ उपटणारे औषधच नव्हते, त्याने खोटी आशा विकू नये, नातेवाइकांचे घरदार औषधापायी धुऊन नेऊ नये, यासाठी हा दंडक होता. ती त्या काळची सचोटी होती.

पश्चिमेकडे याच काळात काय स्थिती होती? माधवरावांनी वस्त्रे घेतली त्याच १७६१ साली व्हिएन्नातील आउएनब्रुगर या वैद्याने छातीवर बोटांनी ठोकून आतील दोष ओळखण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. तिच्याकडे प्रारंभी फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८१६ मध्ये फ्रान्सच्या लाएनेकने कागदाच्या गुंडाळीतून रुग्णाच्या छातीचे ध्वनी ऐकले आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. क्षयग्रस्त फुप्फुसाचे ध्वनी त्याने कमालीच्या बारकाईने वर्णिले, आणि १८२६ मध्ये तो स्वतःच क्षयाने गेला. १८६५ मध्ये व्हिलमँ याने हा रोग संक्रामक असल्याचे प्रयोगाने दाखवले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू जगापुढे ठेवला. निदान नेमके झाले, उपचार मात्र जागच्या जागीच राहिला. डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण येथे अटळ आहे. प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी ही कन्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच गेली. वय एकवीस. शत्रूचे नाव तेव्हा ठाऊक झाले होते, पण त्याला मारणारे शस्त्र पूर्वेकडेही नव्हते आणि पश्चिमेकडेही नव्हते. त्यानंतरही कित्येक वर्षे मिरज, पाचगणी येथील आरोग्यधामांत मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता. प्राचीन वैद्याच्या बृंहणाहून तो फारसा वेगळा नव्हता.

शस्त्र आले ते १९४३ मध्ये, स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपाने. पाठोपाठ १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, पुढे रिफाम्पिसिन आले. आणि या लढ्यात भारताने जगाला एक मोलाचा धडा दिला. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना दाटीवाटीच्या गरीब वस्तीतील त्यांच्या घरीच औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधे नियमित घेतली तर घरचा रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांना अधिक धोकाही पोहोचत नाही. रुग्णाला घरापासून तोडण्याची प्रथा त्यानंतर जगभर मागे पडत गेली.

मग प्राचीन वैद्याची दृष्टी कालबाह्य ठरली काय? याचे उत्तर झारखंडमधून आले. तेथील चार जिल्ह्यांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सुमारे २८०० क्षयरुग्णांना औषधांच्या जोडीला दरमहा तांदूळ, डाळ, दूधपूड आणि तेल यांचा शिधा दिला गेला. पाचपैकी चार रुग्ण मुळातच कमी वजनाचे होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी आढळला. ज्या कुटुंबांतील इतर माणसांनाही शिधा मिळाला, त्यांच्यात नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. अंगावरचे मांस हा या रोगातील जगण्या-मरण्याचा निकष आहे, असे त्या वैद्याने केवळ डोळ्यांनी ओळखले होते. वजनकाट्याने त्याची साक्ष दिली.

पण साक्ष अर्धीच आहे, हे विसरून चालणार नाही. झारखंडमधील प्रत्येक रुग्ण जंतुनाशक औषधेही घेत होता. नुसत्या शिध्याने कोणी बरे झाले नाही. सितोपलादीने खोकला शमेल, दूधतुपाने अंग भरेल, पण फुप्फुसातील क्षयाचा जंतू त्याने मरत नाही. आपल्या समाजात काही जण परंपरेच्या प्रेमापोटी गोळ्या सोडून केवळ चूर्णावर विसंबतात. काही जण दोन महिन्यांत बरे वाटताच औषध थांबवतात. मग तोच जंतू औषधांना दाद न देणारा होऊन परत येतो, आणि सहा महिन्यांचे काम कितीतरी लांबते. काही घरांत मुलीचे लग्न मोडेल या भीतीने रोगच लपवला जातो, आणि लपवलेला रोग घरातल्या नातवंडांना गाठतो. हे परंपरेचे पालन नव्हे. बुद्धिमंताने साऱ्या जगाला गुरू मानावे, हितकर वचन शत्रूचेही ऐकावे, अशीच चरकसंहितेची शिकवण आहे. आज तो वैद्य असता, तर रिफाम्पिसिनची गोळी त्याने आधी दिली असती, आणि मग दुधाचा पेला पुढे केला असता.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. २०१८ पासून रुग्णाच्या पोषणासाठी शासन दरमहा पैसे देते. ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये झाली आहे. २०२२ पासून कोणीही नागरिक वा संस्था ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णाच्या शिध्याचा भार उचलू शकते. शासन गोळी देईल. पण ती रोज घेतली जाते ना, ताटात डाळ आहे ना, वजन वाढते आहे ना, घरातल्या इतरांची तपासणी झाली ना, हे पाहणारा माणूस वस्तीतच असावा लागतो. सेवावस्तीत नित्य जाणाऱ्या कार्यकर्त्याला आणि शेजारधर्म जाणणाऱ्या गृहिणीला हे अशक्य नाही.

ज्याचे मांस आणि बल गेले, त्याला प्राचीन वैद्य हात जोडून निरोप देत असे, कारण त्याच्यापाशी दुसरा मार्ग नव्हता. माधवरावांच्या शय्येजवळ बसलेल्या वैद्यांपाशीही नव्हता. आज मार्ग आहे. म्हणून आज आपल्या आळीत, आपल्या वस्तीत कोणी कलेकलेने उणा होत असेल आणि आपण तो पाहूनही पुढे जात असू, तर त्या वैद्याची सचोटी आपल्यापाशी नाही, एवढेच सिद्ध होईल. त्याच्याजवळ औषध नव्हते, पण रुग्णाकडे पाहणारी दृष्टी होती. आपल्याजवळ औषध आहे. आता ती दृष्टीही असू द्या.