चलान आलं? आधी फोटो बघा!



मोबाइल वाजतो, मेसेज उघडतो आणि पोटात धस्स होतं. ई-चलान! भिवापूरहून उमरेडमार्गे नागपूरला आपण दवाखान्यात जातो, मुलीच्या कॉलेजात जातो. गाडी दुकानासमोर लावली, दहा मिनिटांत परत आलो. कोणी अडवलं नाही, कोणी बोललं नाही. आणि चार दिवसांनी कळतं, नो पार्किंगचा ५०० रुपये दंड!

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये हा दंड पूर्वी १०० रुपयांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा चूक झाली तर १५०० रुपयांपर्यंत गेला. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईची दिवसभराची मजुरीही एवढी नसते.

दंडच नको, असं मी म्हणत नाही. वाटेत आडवी लावलेली गाडी रुग्णवाहिका अडवते. लेकराचा हात धरून चालणाऱ्या बाईला ती भर रस्त्यावर उतरवते. शिस्त आपल्यालाही हवीच आहे. पण समोर पोलीसदादा असले, तर ‘सासूबाईंना उतरवत होते’ असं सांगता तरी येतं. कॅमेऱ्याला काय सांगणार? त्याला फक्त नंबर दिसतो.

म्हणूनच कॅमेऱ्यालाही नियम घातलेले आहेत. ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कॅमेऱ्याची नजर असलेल्या रस्त्यावर तशी सूचना देणारा फलक ठळकपणे लावायला हवा. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, आणि ते दरवर्षी नवं करायला हवं. नोटीस ठरलेल्या मुदतीत यायला हवी. तिच्यात नंबर दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणता नियम मोडला, हे सगळं हवं. जुलै २०२५ मध्ये तर राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनीच आदेश काढला, की पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर त्यावरून चलान करू नये.

मग आपण काय करायचं? विजेचं बिल आपण कसं युनिट बघून भरतो, तसंच चलानही बघायचं. फोटोतली गाडी आपलीच आहे ना? नंबरातला एखादा आकडा चुकला तर नाही? त्या दिवशी गाडी तिथे होती का? चूक आपली असेल तर दंड भरून मोकळं व्हायचं. नसेल तर वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवायची. प्रकरण न्यायालयात गेलं, तर तिथेही आपलं म्हणणं मांडता येतं. मात्र अनोळखी नंबरवरून आलेली लिंक दाबू नका, फाइल उघडू नका. चलानच्या नावाखाली खातं रिकामं करणारे भामटेही फिरताहेत.

आणखी एक गोष्ट खास आपल्यासाठी. पुष्कळ घरांत गाडी बाई चालवते, पण नाव नवऱ्याचं आणि मोबाइल नंबर भलताच, कधीकधी विकणाऱ्या दुकानदाराचासुद्धा. मेसेज तिच्यापर्यंत येतच नाही आणि दंड साचत जातो. याच्या उलट, गाडी आईच्या नावावर आणि फिरवतो मुलगा. मग नोटीस आईला! आजच गाडीचं आरसी पुस्तक काढा. परिवहन विभागाच्या नोंदीत आपला चालू नंबर आहे का, ते मुलांकडून तपासून घ्या.

शेवटी एक मागणी. गाडी कुठे लावू नये हे सांगण्याआधी ती कुठे लावावी, हे सांगायला हवं. उद्या आपल्याकडे बाजाराच्या रस्त्यावर कॅमेरे आले, तर त्याआधी पार्किंगची जागा, रंगवलेले पट्टे आणि लांबून वाचता येतील असे मराठी फलक यायला हवेत. नगरपंचायतीकडे हे लेखी मागू या. बचतगटाच्या पुढच्या बैठकीत दहाजणींनी सह्या केल्या तरी अर्ज तयार होतो, आणि त्याची पोच घ्यायला मात्र विसरायचं नाही.