ओट्यावरची यंत्रं आणि आपण
(गणेशोत्सवातील महिला विभागाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



 

"स्वयंपाकघरातील उपकरणे : सोय की गैरसोय?" हा विषय मला दिला गेला तेव्हा घरात लगेच दोन मतं पडली. सासूबाई म्हणाल्या, "सोयच म्हण. पाटा कुणी ओढलाय ते मला विचार." आणि आमचे हे म्हणाले, "माळ्यावरच्या खोक्यांबद्दलही बोल हं!" मला दोघांचंही पटलं. म्हणून दोन्ही बाजू मांडते.

आधी सोयीबद्दल. सासूबाई साताऱ्याकडच्या. एकत्र कुटुंबात रोजचं वाटण पाट्यावर, दाण्याचं कूट खलबत्त्यात आणि नारळ विळीच्या खवणीवर. आज त्यांची मनगटं आणि गुडघे त्याचा हिशेब रोज सांगतात. "पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही," हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ते खोटं नाही. पण मी पाहिलंय, ते बहुतेक वेळा चटणी खाणाऱ्याच्या तोंडी असतं, वाटणाऱ्याच्या नाही.

आपल्या मिक्सरची कथाही ऐकण्यासारखी आहे. परदेशी मिक्सर फळांचे रस आणि केकचं मिश्रण यासाठी बनवलेले. आपली हळकुंडं, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ त्यांना कशी झेपणार? मुंबईत नोकरी करणारे इंजिनियर सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा असाच एक मिक्सर बंद पडला. त्यातून त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशा ताकदीची मोटर तयार केली, आणि 'सुमीत' घराघरांत पोचला. आणि आपण सगळे आता दक्षिणेतच राहतो, तर वेट ग्राइंडरला विसरून कसं चालेल? कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, जसं आपल्याकडे पैठणीला आहे.

बंगळूरला नवीन आले तेव्हा इडलीचं पीठ मी मिक्सरमध्येच काढत असे. ऑफिसातल्या कन्नड सहकारी मैत्रिणीने समजावून सांगितलं. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, त्याने पीठ तापतं. ग्राइंडरचे दगड संथ फिरतात, त्यामुळे उडीद तापत नाही आणि हलकं, फुगीर वाटलं जातं. ज्यांच्याकडे ग्राइंडर नाही त्यांनी वाटताना बर्फाचं पाणी घालावं आणि मिक्सर थांबत थांबत चालवावा. दाण्याच्या कुटालाही हाच नियम. बटण फिरवून ठेवलं की कुटाला तेल सुटून त्याचा गोळा होतो. अर्धा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा.

कुकरचंही तसंच. १६७९ साली देनी पापँ या फ्रेंच माणसाने वाफ कोंडून शिजवण्याचं भांडं लंडनमध्ये दाखवलं. त्याचं तत्त्व साधं आहे. दाब वाढला की पाणी १०० अंशांऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं आणि डाळ लवकर शिजते. आपलं बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईहून आलेल्या सुना "इथली डाळच शिजत नाही" म्हणतात, त्यात डाळीचा दोष नसतो. मात्र एक लक्षात ठेवा, शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. आच मोठी असली की शिट्ट्या भराभर होतात आणि आत तूर तशीच राहते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि मिनिटं मोजा. झाकणाची नळी रोज उजेडात धरून पाहा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीचाच लावा. कुकरवर आयएसआयचं चिन्ह २०२१ पासून सक्तीचं आहे, तेही बघून घ्या.

आता माळ्यावरची खोकी. आमच्याकडे लग्नाच्या वाढदिवसाला दिरांनी भेट दिलेला फूड प्रोसेसर आहे. अकरा पाती, चार भांडी. पाव किलो गाजर दोन मिनिटांत किसून होतं आणि मग भांडी, झाकणं, जाळ्या धुवायला पंधरा मिनिटं लागतात. तिसऱ्या वर्षी त्याचा प्लॅस्टिकचा कपलर झिजला. कंपनीचं नाव घेत नाही, पण सेवा केंद्रातून उत्तर आलं, "मॅडम, हे मॉडेल बंद झालं." चाळीस रुपयांच्या तुकड्यापायी सगळं यंत्र अडगळीत गेलं.

विजेवर पोळी करणारं यंत्र प्रदर्शनात किती छान वाटतं! गोळा ठेवला, दाबला, झाली पोळी. पण तिथली कणीक किती सैल भिजवलेली असते ते कुणी सांगत नाही. आणि आपली पोळी घडीची. आत तेलाचं बोट फिरवून घडी घातल्याशिवाय पदर सुटत नाहीत. दाबून चपटी केलेली पोळी तासाभरात पापड होते. पुरणाचंही तसंच. मिक्सरमध्ये पुरण होतं, पण जरा जास्त फिरलं की ते चिकट होतं. पुरणयंत्र हाताने फिरवावं लागतं, पण त्यातून पुरण मऊ पडतं आणि न शिजलेला दाणा जाळीवर राहतो. म्हणून मी नवीन वस्तू घेताना तीन प्रश्न विचारते. आठवड्यातून किती वेळा लागेल? धुणार कोण? आणि तिचा सुटा भाग याच गावात मिळेल का?

यातला दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की घरात यंत्रं आली तेव्हा पुरुषांची आणि मुलांची कामं कमी झाली. लाकडं फोडायची राहिली नाहीत, दळण आणायचं राहिलं नाही. आईचे तास मात्र तेवढेच राहिले, कारण अपेक्षा वाढल्या. आपल्याकडेही बघा ना. मिक्सर आला म्हणून एका चटणीच्या तीन झाल्या. "आता काय, बटण तर दाबायचंय!" असं म्हणून पाहुणे वाढले.

आपल्या सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे सांगते. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि करणारे मुळात किती होते? स्त्रियांमध्ये शंभरातल्या ८१, पुरुषांमध्ये २६. मिक्सर आणि कुकर घराघरांत येऊन किती वर्षं झाली होती, तरी हे आकडे असे होते. म्हणजे यंत्राने कष्ट कमी केले, पण कामाची वाटणी केली नाही. ती यंत्र करूही शकत नाही.

याचं उदाहरण आपल्या मंडळातच आहे. मोदकांच्या दिवशी पहाटेपासून दहा-बारा जणी स्वयंपाकघरात असतात. उकड गरम असतानाच मळावी लागते, त्यामुळे मधेच उठता येत नाही. बाहेर आरती सुरू होते, आणि आम्ही पिठाच्या हातांनी आतूनच टाळ्या वाजवतो. इतक्या वर्षांत त्या दिवशीची आरती मी समोर उभं राहून एकदाही पाहिलेली नाही. माझ्यासारख्या इथे आणखी कितीतरी जणी आहेत.

कार्यकारिणीपुढे माझी विनंती आहे. मंडळाने एक मोठा ग्राइंडर घ्यावा. त्याला नारळ खवण्याचा आणि कणीक मळण्याचा जोड मिळतो. नारळ फोडणं, खवणं, सारण ढवळणं, मोदकपात्र उतरवणं आणि शेवटी सगळं धुणं ही कामं पुरुष मंडळींनी घ्यावीत. कळ्या पाडायला हातच हवा, साच्याची पारी जाड होते आणि सारण कमी बसतं. तर ते आम्ही करू, आणि ज्यांना शिकायचंय त्यांना, मग ते दादा असोत वा काका, आनंदाने शिकवू. आणि शेवटचं म्हणजे, स्वयंपाकघरातली शेवटची व्यक्ती बाहेर आल्याशिवाय आरती सुरू करू नये. दहा मिनिटं उशीर झाला तर बाप्पा रागावणार नाही.

सासूबाईंचा एक निरोप आहे. त्या म्हणाल्या, "ग्राइंडरसाठी वर्गणी काढलीत तर पहिली माझी लिहा."



गणपती बाप्पा मोरया!